पाखरं बसत्यात ते

अफजल मुलाणीनं तीस वर्षं माणसांचे फोटो काढले आणि तीस वर्षं त्याची एकच तक्रार होती, कॅमेरा समोर आला की माणसाचं लाकूड होतं. लासुर्ण्याच्या चौकात त्याचा ‘रोशन फोटो स्टुडिओ’ होता. लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळेचे पासपोर्ट साइज. नवरदेवाच्या मागं बर्फाचे डोंगर लावून द्यायचे, नवरीच्या गालावरची पुटकुळी काढायची, वारलेल्या आजोबांना घरच्या फोटोत मागच्या रांगेत उभं करायचं, ही कामं तो चहा पीत पीत करायचा. फोटोत खोटं कसं घुसवतात हे पंचक्रोशीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळं त्याला फोटो दाखवून फसवणं ही सोपी गोष्ट नव्हती.

पाखरांचा नाद त्याला लागला तो आईमुळं. थंडीत, ऐन पौषात, मेहबूबबीच्या अंगावरून वारं गेलं. बारामतीच्या दवाखान्यात बारा दिवस काढून ती कळंबला घरी आली, ती उजवा हात तिकडंच ठेवून आल्यासारखी. पाय हळूहळू जमिनीला लागला, बोलणं जड झालं तरी कळत होतं. पण हात खांद्यापासून नुसता लोंबायचा. जिच्या हातची बिर्याणी खायला वालचंदनगरहून माणसं यायची, ती बाई भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागली. अफजलची बायको साजिया घास घेऊन बसली की ती ओठ मिटून घ्यायची.

“अम्मा, दोन घास तरी घ्या की.”

“कुनासाठी?” मेहबूबबी भिंतीला विचारायची.

शेवटी अफजलनं तिची खाट मागच्या खोलीत खिडकीशी लावली. आईला निदान उजेड तरी दिसेल, एवढाच त्याचा हिशेब. खिडकीबाहेर परस होतं. एक जुना पांगारा, एक शेवगा, दोन जास्वंदी, कपडे धुवायचा काळा दगड. तारेच्या कुंपणापलीकडं धोंडाबाईचा भाजीचा मळा आणि त्याच्याही पलीकडं कॅनॉल. फाल्गुन लागला होता. पांगाऱ्यानं सगळी पानं टाकून दिली होती आणि उघड्या काटेरी फांद्यांना लालभडक फुलं आली होती.

आणि मग पाखरं आली. आधी भोरड्या, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. दोनशेचा थवा उतरला की लग्नघरात वऱ्हाड उतरल्यासारखा गलका. त्यांच्यामागून शिंजीर, उन्हात जांभळा आणि सावलीत काळा, जास्वंदीच्या फुलात डोकं घालून उलटा लटकणारा. कपाळावर शेंदराचा टिळा लावलेला तांबट दिवसभर कुठंतरी भांडी ठोकत बसायचा. तारेवर हिरवे वेडे राघू ओळीनं बसायचे, हवेत झेप घेऊन माशी पकडायचे आणि पुन्हा नेमके आपल्या जागी येऊन टेकायचे. बुलबुल होते, डोळ्याभोवती पांढरं कडं घातलेले इवलेसे चष्मेवाले होते, कॅनॉलवरून वाट चुकून आलेला एक खंड्यासुद्धा होता.

चौथ्या दिवशी मेहबूबबीनं मान वळवली.

“त्यो पिवळा कोन?”

दोन महिन्यांत तिनं पहिल्यांदा काही विचारलं होतं. अफजलला नाव ठाऊक नव्हतं. त्यानं मोबाइलवर शोधलं. “हळद्या म्हणत्यात त्याला, अम्मा.”

“हळदीचाच हाय,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी अफजलनं लग्नाचा कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घरी आणली. रमजान सुरू झाला होता. पहाटेची सहरी झाली, फजरची नमाज झाली की तो परसात एकाच जागी रोवलेल्या ट्रायपॉडमागं बसायचा. उन्हं शेवग्याच्या शेंड्यावर आली की पाखरं यायची. नऊ वाजता तो काढलेले फोटो आईला दाखवायचा. एकेक पीस, चोचीवरचा परागाचा कण, डोळ्यात उमटलेलं आख्खं परस. मेहबूबबी तोंडाच्या चालणाऱ्या अर्ध्या बाजूनं हसायची. “ह्यो बघ, तुज्या बापासारखा छाती काढून बसलाय.” साजिया पोळपाट सोडून बघायला यायची. त्या घरात हिवाळ्यापासून कुणी हसलं नव्हतं, आणि आता सकाळी सकाळी तिघांचं हसणं कुंपणापलीकडं जायचं. धोंडाबाई मेथी खुडता खुडता ओरडायची, “काय मिळालं रं आज?”

माणसांसारखं पाखरांचं लाकूड होत नाही, हा शोध अफजलला पन्नाशीत लागला. तो मनातून इतका खूश होता, की पहिला विचित्र फोटो आला तेव्हा त्यानं तो नीट पाहिलाही नाही.

शिंजिराचा फोटो होता. पांगाऱ्याच्या खाली, मोकळ्या हवेत. शिंजीर फुलापुढं पंख मारत तरंगतो, तसाच हा असेल म्हणून अफजल पुढं गेला. मग काहीतरी खटकलं म्हणून मागं आला. पंख मिटलेले होते. दोन्ही पंख अंगाशी घट्ट, मान जरा तिरकी, आणि पायांची नखं कशाभोवती तरी वळलेली. फांदीवर बसल्यावर वळतात तशी. फांदी मात्र नव्हती.

कॅमेरा टिपतो सेकंदाचा दोन हजारावा भाग, तो स्वतःशी म्हणाला. उडता उडता एखाद्या क्षणाला पंख मिटतातच.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी वेडा राघू होता. तिसऱ्या दिवशी दोन चष्मेवाले, एकमेकांना चिकटून, थंडीत बसतात तसे. पाठीमागं शेवग्याचं खोड स्पष्ट दिसत होतं. पायाखाली काही नाही.

अफजलनं करायचं ते सगळं केलं. कार्ड बदललं, लेन्स बदलली, पुतण्याचा कॅमेरा आणून बघितला. कोळ्याचा धागा असेल, पतंगाचा मांजा असेल, म्हणून पांगाऱ्याखाली जाऊन हात फिरवला. धागा नव्हता. हवा होती. नाही म्हणायला एक गोष्ट झाली. सकाळचे दहा वाजून गेले होते, ऊन चांगलं चटचटत होतं, सावली कुठंच नव्हती; पण पुढं केलेल्या त्याच्या हाताला, मनगटापासून बोटांपर्यंत, ऊन लागत नव्हतं. त्यानं हात मागं घेतला. ऊन लागलं. पुन्हा पुढं केला नाही.

पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं तो चष्मेवाल्यांचा फोटो टाकला. बारामतीच्या अविराजनं अंगठा पाठवला आणि लिहिलं, “फांदी मस्त पुसलीय अफजलभाई, एडिटिंग एक नंबर.” अफजलनं मोबाइल उपडा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं फोटोला हात लावला नव्हता.

मग ते नुसत्या डोळ्यांनाही दिसू लागलं. फार वेळ नाही, पापणी लवायच्या आत. बुलबुल उडत यायचा, धुण्याच्या दगडाशेजारी हवेत टेकायचा, शेपूट वरखाली करायचा आणि जायचा. आधीच्या जागेपासून हे चार पावलं अलीकडं, घराच्या बाजूला होतं, हे अफजलच्या लक्षात आलं होतं. पण त्यानं ते लक्षात घेतलं नाही. एका सकाळी घरची मांजर कुंपणाखालून आली. तिच्या तोंडात पाखरू नसलेला दिवस क्वचित. ती दगडापाशी थांबली, शेपूट उभी केली आणि रिकाम्या हवेला अंग घासत एक गोल फेरी मारली. साजियाच्या पायांना घासायची तशीच. मग तिथंच पाय दुमडून बसली. वर, त्याच रिकाम्या हवेत, तीन पाखरं बसली होती. तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

अफजल खिडकीशी गेला. मेहबूबबी गजाला टेकून बाहेर बघत होती. चेहरा उजळलेला होता.

“अम्मा, तितं काय दिसतंय तुला?”

“पाखरं.”

“आनि?”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. लहानपणी तो पाढा चुकला की पाहायची तसं.

“पाखरं बसत्यात ते.”

त्या दुपारी अफजलनं स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं आणि संगणकापुढं बसला. ट्रायपॉड तीन आठवडे हलला नव्हता, त्यामुळं सगळे फोटो एका मापात होते. असे हवेत बसलेल्या पाखरांचे दोनशे चौदा फोटो निघाले. त्यानं एकेका फोटोतून झाड, भिंत, कुंपण पुसून टाकलं, फक्त पाखरू ठेवलं, आणि सगळी एकावर एक ठेवली. रंगांचा नुसता गोंधळ दिसला. मग त्यानं आठवड्यांप्रमाणं तीन ढीग केले.

पहिल्या ढिगातून एक माणूस वर आलं.

पाखरांचंच. डोक्याच्या गोलाईवर बुलबुल. दोन्ही खांद्यांच्या उतरणीवर हिरवे राघू. आणि पुढं केलेल्या एका हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत, शिंजीर आणि चष्मेवाले दाटीवाटीनं. अंगकाठी बारीक, बहुतेक बाईची. मान थोडी पुढं झुकलेली. जिथं पाखरू बसलं नव्हतं तिथं काळोख, आणि काळोखातही तिचा आकार कळत होता. इतकं देखणं काही त्यानं आजवर केलं नव्हतं. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. त्याला आनंदच झाला होता, आधी.

दुसऱ्या ढिगात ती धुण्याच्या दगडापाशी होती. हात तसाच पुढं.

तिसऱ्या ढिगात तो हात खिडकीच्या गजांपासून वीतभर लांब होता.

अफजलनं शटर पूर्ण ओढलं, मोटरसायकल काढली आणि रोजा सुटायच्या आत घरी येऊन आईची खाट पुढच्या खोलीत नेली. मागची खिडकी लावली. पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं मातीचं परळ उपडं केलं. साजियानं विचारलं तर म्हणाला, “मागं डास झाल्यात.”

दुसऱ्या दिवशी परसात एकही पाखरू आलं नाही. पांगारा फुललेलाच होता. भोरड्यांचा थवा वरून आला, एक घिरटी मारून धोंडाबाईच्या मळ्यावरून पुढं गेला. मेहबूबबीनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. सांजेला घास घेतला नाही, सकाळी पाणीसुद्धा घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पाडवा होता. धोंडाबाई डोक्यावरचा पदर सावरत पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आली, इफ्तारला असू द्या म्हणाली. मेहबूबबीच्या खाटेशी बसून तिनं तिच्या कपाळाला हात लावला आणि बाहेर येऊन अफजलला हळूच म्हणाली, “म्हातारी विझाय लागलीया रं. पाखरं कुठं गेली तुमची?”

रात्रीचं जेवण झाल्यावर अफजलनं साजियाला मोबाइलवर ते तीन ढीग दाखवले आणि काय काय झालं ते सांगितलं. त्याला वाटलं, ती किंचाळेल. ती दिव्याखाली जाऊन बसली. तिन्ही चित्रं मोठी करून, लहान करून पाहिली.

“मारायला हात वर केला तर पंजा असा असतोय,” तिनं आपला हात दाखवला. “हिचा तळवा वर हाय. ही बोलवतीया.”

“कुनाला, ते कळतंय का तुला?”

“कळतंय.” साजियानं मोबाइल परत दिला. “आनि आपन अम्मांना भिताडाकडं तोंड करून मारतोय, ते तुमाला कळतंय का? कशात काय हाय ते अल्ला जाने. पर त्या खिडकीत म्हातारी हसत हुती.”

अफजल रात्रभर कुशी बदलत राहिला. पुढच्या संध्याकाळी चाँद दिसला, गल्लीत फटाके वाजले, आणि त्याच गडबडीत नवराबायकोनं मिळून खाट परत मागच्या खोलीत नेली. परळात अफजलनं स्वतः पाणी भरलं.

ईदच्या सकाळी तो ईदगाहवरून आला तेव्हा घराबाहेरूनच कलकलाट ऐकू येत होता. स्वयंपाकघरात शीरखुर्म्याचा वास भरला होता. तो अत्तर लावलेल्या अंगानं तसाच मागच्या दारात गेला.

खाट रिकामी होती.

मेहबूबबी परसात उभी होती. एकटी, काठी न घेता. नवं पोपटी लुगडं नेसलेली. धुण्याचा दगड तिच्या डावीकडं होता.

पांगाऱ्यावर, शेवग्यावर, तारेवर, जिथं म्हणून नखं टेकतील तिथं पाखरं होती. इतकी त्यानं कधीच पाहिली नव्हती.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. साजियानं मागून त्याचा कुडता धरला.

मेहबूबबीचा उजवा हात अंगाशी लोंबत होता.

मग तो उठला.

आधी कोपर वर आलं. मग मनगट. मग बोटं एकेक करून उलगडली.

पांगाऱ्यावरून शिंजीर आला आणि तिच्या मधल्या बोटावर बसला.

मग दुसरा आला. मग चष्मेवाले आले, चार, पाच. डोक्यावर बुलबुल बसला. खांद्यावर राघू. आणि हळद्या, जो माणसाची चाहूल लागली की शेंड्यावरून खाली येत नाही, तो तिच्या कोपरावर येऊन बसला.

मेहबूबबी मोठ्यानं हसली. अर्ध्या तोंडानं नाही. पूर्ण.

“अफजल! अरं बघतोस काय, फोटू काढ की!”

कुंपणापलीकडून धोंडाबाईनं हातातली भाजीची पाटी टाकली. “अगं बया! मेहबूबभाबीऽऽ! हात उचलला गं!” साजिया ओढणीत तोंड घालून रडत होती. अफजलनं कॅमेरा डोळ्याला लावला. समोरचं धूसर दिसत होतं, तरी तो बटन दाबत राहिला.

त्या दिवशी अख्खी गल्ली घरात लोटली. शीरखुर्म्याचं पातेलं दोनदा रिकामं झालं. सगळे पांगल्यावर अफजलनं दार लावून फोटो एकेक करून, मोठे करून तपासले. आई एकटी होती. प्रत्येक पाखराच्या पायाखाली काहीतरी होतं, आईचं बोट, आईचा खांदा, आईचे पांढरे केस. महिन्याभरात पहिल्यांदाच फोटोत काही चुकलेलं नव्हतं. त्यानंतर परसात पाखरं रोज आली. पण ती फांदीवर बसली, तारेवर बसली, परळाच्या काठावर बसली. रिकाम्या हवेत कुणी बसलं नाही. जे काही होतं ते गेलं, असं त्यानं साजियाला सांगितलं, आणि तिला ते पटलं.

मेहबूबबी माणसांत आली. उजव्या हातानं तिनं लसूण सोलला, शेवग्याच्या शेंगा ओढल्या, दोन आठवड्यांत एक दिवस बिर्याणीला दमसुद्धा दिला. पाहुणे यायचे, हात बघायचे, तिच्या हातचं खाऊन जायचे. पांगाऱ्याची फुलं गळाली, शेंगा आल्या. भोरड्या आपल्या मुलखाला निघून गेल्या. अविराज बारामतीहून मुद्दाम येऊन ईदचे फोटो बघून गेला, आणि या खेपेला एडिटिंग म्हणाला नाही.

तेवढ्यात दवाखान्याची ठरलेली तारीख आली. अफजल आईला भाड्याच्या गाडीतून बारामतीला घेऊन गेला. मनात फुशारकी होती. व्यायाम घेणाऱ्या मॅडमांना तो स्वतःहून म्हणाला, “बघा आता कमाल.”

मॅडम हसल्या. “उचला आजी हात.”

हात मांडीवर पडून राहिला.

मॅडमांनी खांदा दाबून पाहिला, कोपर वाकवलं, बोटांच्या टोकांना सुई लावली. रबरी हातोडीनं मनगटावर ठोकलं. हसू हळूहळू गेलं. त्यांनी जुना कागद काढून पुन्हा सगळं तपासलं.

“डिसेंबरात होता तसाच आहे हात,” त्या अफजलला म्हणाल्या. “स्नायूंत काहीच नाही. तुम्ही म्हणताय घरी उचलतात...” आणि वाक्य तसंच सोडून लिहायला लागल्या.

“अम्मा, उचल की,” अफजल म्हणाला.

“हितं कसा उचलंल?” मेहबूबबी शांतपणे म्हणाली.

“मग घरी?”

“घरी हाय की.”

येताना भवानीनगर गेलं, लासुर्णं आलं. उसाच्या फडांवर पिवळं ऊन उतरलं होतं. मेहबूबबी खिडकीतून तारेवरचे राघू मोजत होती. आनंदात होती.

घरी पोचल्यावर ती पहिल्यांदा परसात गेली. साजिया दळण आणायला गेली होती. थोड्या वेळानं ती आत गेली, स्टोव्हचा आवाज आला, आल्याचा वास आला. अफजल मागच्या पायरीवर बसला होता. शेवग्यात तांबट ठोकत होता, जास्वंदीत शिंजीर होता, संध्याकाळ इतकी सुरेख पडली होती की त्याला भीती वाटायचंही सुचेना.

“घे,” आई म्हणाली.

तिनं उजव्या हातानं कप पुढं केला. काठोकाठ भरलेला होता. एक थेंब हलला नाही. अफजलनं कप घेतला, आणि घेताना त्याची नजर वर गेली. तिच्या पोलक्याची लांब बाही कोपराच्या खाली चार ठिकाणी आत दबलेली होती, शेजारी शेजारी, बोटांच्या टोकांएवढे चार लहान खळगे.

आईचा हात रिकामा झाल्यावर ते खळगे सुटले. एकदम नाही. एकेक करून.